पाण्यातला गणपती

आमच्या देवघरातला पितळी गणपती मी आजवर दोनदा पाण्यात ठेवला. पहिल्यांदा मुलाला परदेशाचा व्हिसा मिळावा म्हणून आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे भाड्यानं राहणाऱ्या मुलीचा बाप तुरुंगातून सुटावा म्हणून. देव पाण्यात ठेवणं म्हणजे खरं तर देवाची अडवणूकच. आधी काम कर, मग बाहेर काढते. व्हिसा झटपट आला होता, त्यामुळे माझा या उपायावर विश्वास होता.

मुलगी आफ्रिकेतली. कृषी विद्यापीठाजवळच्या अधारताल वस्तीत, आमच्या घरात वरच्या खोलीत राहून गव्हाच्या बियाण्यांवर पीएचडी करत होती. शेजारणींनी आधी नाकं मुरडली, मग तिलाच कुंडीतल्या मिरचीचं औषध विचारून गेल्या. मला ती काकू म्हणायची, बाकी सगळं हिंदीत. तिचे वडील गावच्या शाळेत मास्तर. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं एक जनरल राज्य करतो आणि अधूनमधून हौसेनं निवडणूकही घेतो. मास्तरांना मतमोजणीला बसवलं आणि मोजलेल्यापेक्षा वेगळे आकडे वाचायला सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. तेव्हापासून ते आत होते. त्यांना मधुमेह होता आणि घरून पाठवलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

हा जनरल एका बलाढ्य देशाच्या जिवावर उभा आहे. विमानं त्यांची, बंदुका त्यांच्या. देशाचं नाव मी घेत नाही. माझा मुलगा तिथंच असतो आणि मला घरात वाद नको. तुम्ही ओळखलंच असेल.

त्या थंडीत बातमी आली, की त्या देशाचे परराष्ट्रमंत्री जनरलच्या भेटीला जाणार. मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला. मोठा पाहुणा आला की थोडे कैदी सोडतात, ती म्हणाली, आणि हे तर लोकशाहीवाले, विचारतील तरी. त्याच दिवशी मी गणपती तांब्याच्या घंगाळात ठेवला. तिचा देव वेगळा, पण तिला दया आली.

"काकू, इतने ठंडे पानी में?"

"गारठा लागू दे. त्याशिवाय तो हातपाय हलवत नाही," मी म्हटलं.

नेमकं त्याच आठवड्यात मुलाला तिथलं नागरिकत्व मिळालं. हातात छोटा झेंडा धरलेला त्याचा फोटो आला. मी गल्लीभर पेढे वाटले. तिलाही दिला. "बधाई हो, काकू" म्हणत तिनं तो खाल्ला, आणि माझीच मान खाली गेली.

मुलाचा फोन आला तेव्हा मी विषय काढलाच. "आता तू तिथला झाला ना? मग विचार तुझ्या सरकारला, असल्या माणसाला काहून पोसून राहिले म्हणून."

"आई, तो गेला तर त्याहून वाईट कोणीतरी येईल. सगळा बॅलन्स असतो."

"अच्छा? मग या पोरीचा बाप कोणत्या पारड्यात बसवला?"

"माझ्या एका मतानं काय होते, आई?"

तो वाईट नाही. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. माझा मुलगा इतका समजूतदार केव्हा झाला?

भेटीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटर सोलत बसलो होतो. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. मंत्री विमानातून उतरले, जनरलनं मिठी मारली. एका पत्रकार बाईनं कैद्यांचं विचारलं. मंत्री हसले. जनरलसाहेब आमचे जुने मित्र, त्या भागाचं स्थैर्य त्यांच्यामुळेच आहे, असं काहीसं बोलले आणि नव्या विमानांची घोषणा करून मोकळे झाले. मुलगी सोलतच राहिली. जरा वेळानं पाहिलं, तर ती दाणे टोपलीत टाकत होती आणि सालं पातेल्यात. नंतर दोघींनी मिळून ते निवडलं.

तरी मी रोज घंगाळातलं पाणी बदलत राहिले. मग एका सकाळी तिच्या आईचा फोन आला. मास्तर गेले. औषधावाचून गेले. आणि प्रेत मिळणार नाही, असंही घरच्यांना बजावलं होतं.

माझ्या घरातली माणसं गेली तेव्हाही मी इतकी हताश झाले नव्हते. मरण कोणाला टळलंय, असं तेव्हा म्हणता आलं. हे टळण्यासारखं होतं. मंत्र्यांच्या एका वाक्यानं टळलं असतं.

संध्याकाळी दिवा लावायला गेले. गणपती तसाच पाण्यात. काम झाल्याशिवाय देवाला बाहेर काढायचं नाही, असा नियम आहे, आणि आता काम कधीच होणार नव्हतं. मला काढायचाही नव्हता. बस तिथंच, मी मोठ्यानं म्हटलं, तुझ्याकडून मुलाचा व्हिसा तेवढा होतो.

मुलगी मागे येऊन उभी होती. हात धुऊन आली होती. माझ्या खांद्यावरचा टॉवेल तिनं हळूच ओढून घेतला आणि घंगाळाजवळ खाली बसली.

"काकू," ती म्हणाली, "कम से कम इनको तो छोड़ दीजिए."