असली पावडर

१० सप्टेंबर. आज पहाडगंजहून कॅमेरा आणायचा होता. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला यंदा जुन्या फोटो स्टुडिओचा देखावा आहे. त्यासाठी सासऱ्यांचा तिपाईवरचा लाकडी कॅमेरा मी तिथल्या एका कॅमेरेवाल्याकडे दिला होता. जुन्या कॅमेऱ्यांना त्यांच्याच काळातलं सामान जोडून देणं, हा त्याचा धंदा.

कॅमेऱ्यावर आजकालचा स्क्रू दिसला, की वरणात झुरळ सापडल्यासारखं तोंड करतो. बोलताना विडी ओठांतून काढत नाही. त्याला डावी भुवई नाही. कशाने गेली, हे मी कधी विचारलं नाही.

आज त्याने काळं मखमली कापड, पितळी झाकण आणि फ्लॅशचा पत्र्याचा ट्रे लावून ठेवला होता. ट्रेमध्ये करडी भुकटी होती.

"ये रंगोली किसलिए?"

"रंगोली नहीं भाभीजी, असली फ्लॅश पावडर! चिंगारी लगी, और भक्क! खाली ट्रे तो झूठ होता."

"बगल में आरती होगी, बच्चे होंगे. निकालिए इसे."

तो हिरमुसला. "आप लोगों को शौक ही नहीं," म्हणत त्याने भुकटी पुडीत बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. विडीची राख त्याच खिशावर पडली.

"भाईसाब, बीडी!"

"बरसों से पी रहा हूँ," तो हसला.

मी कॅमेरा उचलून अक्षरशः पळाले. ११ सप्टेंबर. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी देखाव्याचं काम इतरांवर टाकून मी पहाडगंजची मेट्रो धरली, त्याचं दुकान जागेवर आहे ना, एवढंच बघायला.