गुडघ्यांसकट

शिवलीलाचे इंटरनेटवरचे व्हिडिओ काढून टाका, मग साखरपुड्याची तारीख धरू, असा निरोप निपाणीहून आला तेव्हा मी तिच्याच घरी होते. २००८ चा मार्च होता. मध्यस्थ बाळासो कपबशी हातात धरून, फरशीकडं बघत बोलत होते.

"वाजवण्याला ना न्हाय त्यांची. बसण्याला हाय."

शिवलीला चेलो वाजवते. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, माणसाच्या छातीइतका उंच. खुर्चीवर बसून तो दोन गुडघ्यांमध्ये धरावा लागतो. तिच्या बेळगावच्या बसवेश मामानं एका म्हाताऱ्या वादकाकडून तो घेतला आणि चौदाव्या वर्षी तिला दिला. शिकवलाही त्यानंच, दर रविवारी एसटीनं येऊन. आता ती बावीस वर्षांची होती आणि कोल्हापुरात तिचं वाजवणं मन लावून ऐकणारी मैत्रीण मी एकटी. म्हणून आम्ही व्हिडिओ यूट्यूबवर टाकू लागलो. कॅमेरा माझ्या भावाचा, इंटरनेट राजारामपुरीतल्या सायबर कॅफेचं. चार मिनिटांचा भीमपलास चढायला अडीच तास लागायचे. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पण चढला की कुठल्या तरी देशातला कुणी तरी लिहायचा, अजून वाजव.

पहिले तीन व्हिडिओ मी तिच्या कमरेपासून वरचेच घेतले होते. मुद्दाम. तिला सांगितलं नव्हतं. चौथ्याला तिनं स्वतःच खुर्ची मागं सरकवली. "पुरी दिसू दे की." नेमका तोच नवऱ्या मुलानं पाहिला, मग त्याच्या आत्यानं.

"मांडी घालून वाजवता येत न्हाय व्हय? तंबोऱ्यागत?" तिचे वडील म्हणाले. प्रभुलिंग काका गुळाचे अडते. ते आवाज चढवत नसत. त्याचीच भीती वाटायची.

"बघा तुम्हीच."

शिवलीलानं चेलो आणला. बाळासोंसमोर मांडी घालून बसली. चेलो आडवा झाला, खांद्यावर कलंडला. वाजवायचा गज जाड तारेपर्यंत पोचेना. एक चिरका आवाज निघाला आणि बाळासोंची कपबशी हलली.

"हे पायजे काय निपाणीला?"

मागच्या दारात तिची आजी गंगव्वा उभी होती. नुकतीच म्हैस पिळून आलेली, हातात दुधाची चरवी.

"बाळासो, पन्नास वर्सं म्हशीखाली गुडघ्यात चरवी धरून बसले मी. हितनंच दूध नेतोस की रोज. तवा कुणाच्या आत्याला सांगितलं न्हाईस ते?"

"अव्वा, ते घरात. हे जगात."

"जगात दूध पीत न्हाईत व्हय?"

कुणी हसलं नाही. काका माझ्याकडं वळले.

"संयोगिता, पासवर्ड तुला बी ठावं हाय. उद्या दुपारपर्यंत सगळे काढून टाक. तू शिकलेली हायस."

मी हो म्हणून मान हलवली. खरंच हलवली.

शिवलीला मला सोडायला फाटकापर्यंत आली. मी म्हणाले, "फक्त चौथा काढू. तीन राहतील. लग्नानंतर बघू."

"बी.ए. कशात केलंस तू?"

"मराठीत. माहीत हाय की तुला."

"मग अर्धीच कविता छापतात काय तुमच्यात?"

मी फाटकाची कडी काढली.

"सकाळी कॅमेरा घेऊन ये," ती म्हणाली. "आणि लांबून घे."

सकाळी तिनं खुर्ची अंगणात मांडली होती. फाटक सताड उघडं. शेजारच्या चिमणाबाई धुणं वाळत घालायचं सोडून कठड्याला टेकल्या. शिवलीलानं गुडघे बाजूला घेतले, चेलो मध्ये ओढला आणि सुरू केलं. दोन मिनिटं झाली असतील. काका बाजारातून परत आले.

"बंद कर."

ती थांबली नाही. खालच्या जाड तारेवर गेली. तो आवाज माझ्या फासळ्यांत घुमला. काका एक पाऊल पुढं आले. हात लांब केला असता तर चेलोची मान त्यांच्या मुठीत आली असती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, नजर न हटवता गज ओढत राहिली. मी कॅमेरा हलू नये म्हणून छातीशी दाबून धरला.

ती शेवटपर्यंत वाजवत राहिली. काका शेवटपर्यंत उभे राहिले.

"निपाणीला काय सांगू मी?"

गजाचे केस सैल करत ती म्हणाली, "सांगा, पाचवा आला."

कॅफेत मी विचारलं, काकांचं "बंद कर" कापू का. ती म्हणाली, राहू दे. मग तिनं पासवर्ड बदलला. टाइप करताना डावा हात मध्ये धरला, मला दिसू नये म्हणून.

"राग न्हाय," ती म्हणाली. "पण तुझी मान लई लवकर हलते."



निपाणीचं स्थळ गेलं. काका तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. सहावा आणि सातवा व्हिडिओ त्याच महिन्यातले आहेत.