एका चरातले दोन पाइप

पेणच्या ऑफिसात मी झाडायला-पुसायला जाते. तिथे काचेची एक थंड खोली आहे आणि तिच्यात कपाटांएवढी मशीनं आहेत. गावोगावच्या दवाखान्यांतून रक्त तपासायला येतं, त्याचे रिपोर्ट त्या मशीनांत राहतात. अगदी तशीच खोली रोह्यालाही आहे. पेणचं मशीन बंद पडलं तर रोह्याच्या मशीनने लगेच काम उचलायचं, आणि दवाखान्यात बाकावर बसलेल्या माणसाला ते कळायलासुद्धा नको, असं ते काम.

या दोन खोल्या जोडायचं काम एका मॅडमकडे होतं. वयाने माझ्या लेकीएवढी. हमरापूरची, घरी गणपती रंगवतात, म्हणून तिच्या नखांच्या कडेला कधी कधी सोनेरी रंग दिसायचा. ऑफिसात मी कोणाशी बोलत नाही. कोणी हाक मारली तरी मी नुसती मान हलवते. पण मॅडम काम करताना आपणहून बोलायची आणि मी फडका फिरवत ऐकायची.

भिंतीवर तिने नकाशा लावला होता. पेणपासून रोह्यापर्यंत एक लाल रेघ आणि एक निळी रेघ. लाल हायवेच्या कडेने, खांब-कोलाडवरून. निळी रेल्वेच्या अंगाने, निडीवरून. मी नकाशाची काच पुसत होते आणि खोलीत आम्ही दोघीच होतो, म्हणून मी विचारलं, "दोन कशाला?"

मॅडम खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "मावशी, ही दोन मशीनं जोडली की सारखी एकमेकांना विचारत राहणार, आहेस का? आहे. आहेस का? आहे. उत्तर आलं नाही की रोह्याचं धरून चालणार, पेण गेलं, आता मालक मी. पण समजा पेण गेलंच नाही, नुसती मधली लाइन तुटली. मग?"

"मग दोघंबी मालक."

"बघा! तुम्हाला कळलं, मुंबईच्या साहेबांना तीनदा सांगावं लागलं. एकाच बाईचा रिपोर्ट पेणला एक लिहिला जाणार, रोह्याला दुसरा. खरा कुठला? अलिबागला तिसरं छोटं मशीन बसणार आहे, अशा वेळी मालक कोण ते ठरवायला. पण त्याला अजून अवकाश आहे. तोवर सगळा भार या दोन लाइनींवर. एक जेसीबीने तोडली तरी दुसरी राहिली पाहिजे. शुक्रवारी मी सही करणार, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत म्हणून."

मी काच पुसतच राहिले. लाल आणि निळ्या रेघेच्या मधे माझं माहेर होतं. तिथे त्या दोन वाटा वेगळ्या नव्हत्या, हे मला माहीत होतं.

झालं होतं ते असं. संक्रांतीनंतर मी भावाकडे गेले होते. भात निघाल्यावर तो त्याच जमिनीत वाल करतो. वाल फुलावर होता, खालच्या अंगाला शेंगा धरल्या होत्या. असा वाल उभा असला की आम्ही घरची माणसंही बांधावरूनच बघतो, आत पाय घालत नाही. आणि निळ्या लाइनीची वायर ज्यातून जाते तो पाइप रेल्वेच्या बाजूने टाकणारी माणसं येऊन थांबली होती ती नेमकी त्याच शेताच्या तोंडाशी. पुढे त्याच्या भावकीतल्या तिघांची शेतं, सगळीकडे वाल.

भाऊ मुकादमाला म्हणाला, "हायवेच्या कडंचा चर अजून उघडाच हाय ना? त्यातच टाका तुमचा पाइप. शेतं संपली की परत आपल्या वाटंला या. जमिनीखाली कोन बगतंय?"

मुकादम नाय-होय करत होता. भावाने मला हाक मारली, "ताय, मडकं घे गो. पावन्यांना पोपटी खाऊ घालू."

भांबुर्ड्याचा पाला मी तोडला. मडक्यात पाला, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला, सगळं मी भरलं. भाऊ मडकं उलटं ठेवून त्यावर जाळ करत होता, आणि शेंगांचा वास सुटला तेव्हा मुकादम म्हणाला, "बरं, चार शेतांपुरतंच." दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत दोन पाइप एका चरात शेजारी शेजारी गेले आणि वर माती पडली. मला तेव्हा बरंच वाटलं. वाल वाचला होता.

त्या आठवड्यात माझी झोप उडाली नाही की जेवण सुटलं नाही. कामही रोजचंच केलं. फक्त नकाशा पुसायचा टाळला. आईवडील गेल्यावर मला माहेर म्हणून त्या भावाचंच घर आहे. बोलले तर ते दार बंद होण्याची भीती होती. नाही बोलले तर मॅडमची सही खोटी पडणार. आणि भावजयीचं रक्त दर महिन्याला तपासायला जातं, त्याचा रिपोर्टही याच मशीनांत.

गुरुवारी दुपारी मॅडम डबा खात होती. मी दारात उभी राहिले. तिने दोनदा विचारलं, "काय मावशी?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी म्हणाले, "ती निळी रेघ चुकीची हाय."

मग सगळं सांगितलं. मडकं मीच भरलं होतं, हेही. मॅडमचा घास हातातच राहिला.

"पोपटीवर? अख्खी लाइन पोपटीवर फिरवली?" ती हसायला लागली, आणि मधेच थांबली. "चार शेतं म्हणजे किती लांब हो?"

मी सांगितलं. तिने डबा बंद केला.

शुक्रवारी तिने सही केली नाही. साहेब काचेआड बोलत होते, आवाज बाहेर येत नव्हता, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. शनिवारी माणसं जाऊन हायवेकडेला खणून आली. दोन पाइप एकाला एक चिकटून होते. पाइप लगेच काढून शेतातून न्यायचा असं साहेबांचं म्हणणं होतं. मॅडमने वाल निघेपर्यंत थांबायला लावलं. तेवढे दिवस मशीनं जोडायची राहिली आणि उशिराचा ठपका तिच्यावर आला. मला ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

भाऊ मात्र बोलला. फोनवर. "तुज्या मशीनला जायला दोन दोन वाटा पायजेत, आन माज्या वालाला एक शेत नको? ऑफिसवाली झालीस गो ताय."

"वाल काढून झाल्यावरच खणनार हायत," मी म्हणाले.

"उपकार झाले," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

वाल निघाला, झोडून झाला. मग शेतातून चर गेला. खणायला भाऊ स्वतःच उभा होता, दुसऱ्याने वेडावाकडा खणू नये म्हणून, असं भावजयीने सांगितलं.

तपासणीच्या दिवशी मॅडमने मला मुद्दाम आत बोलावलं. रोह्याच्या माणसाशी फोनवर बोलत तिने लाल लाइनची वायर उपटली. मी मशीनांकडे बघत राहिले. बारीक हिरवे दिवे लुकलुकत होते तसेच लुकलुकत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं," मॅडम म्हणाली आणि डोळे पुसले. मग टेबलावरचा सहीचा कागद तिने पुढे ओढला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भावाला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. मग भावजयीच्या फोनवर केला. तिने लगेच उचलला. मी तिची तब्येत विचारली, रिपोर्ट बरा आला म्हणाली. वाल एसटीने पाठवते म्हणाली. मागून भावाचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, तिच्याशीच बोलत होता.

"तिला सांग, कडवे हायत, रातभर भिजव म्हनावं."

मी लहानपणापासून वाल भिजवत आले आहे. तरी मी म्हणाले, "बरं, भिजवते."