सत्ताविसावा पगार

आयुष्यात मी एकच संप केला, आणि त्यात आमची एकच मागणी होती : आज आम्हाला पगार देऊ नका.

हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग जरा लांब सरकून बसतात. त्यांचं काही चुकत नाही. पण त्या संपापायी माझ्या बायकोचं जे गेलं ते आठवलं की मला अजूनही हसू येत नाही. दुसऱ्यांना हसवण्यापुरतं मी तोंड तसं करतो, एवढंच.

आमची कंपनी चिंचवडची. परदेशी भागीदारीतली. त्या लोकांनी मशिनी पाठवल्या, ड्रॉइंगं पाठवली आणि त्याच खोक्यांतून बहुतेक पगाराची आपली पद्धतही पाठवली. आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांत पगार महिन्याला. आमच्याकडे मात्र एका शुक्रवाराआड. वर्षात बावन्न आठवडे, म्हणून पगार सव्वीस. हे सव्वीस आमच्या तोंडात इतकं बसलं होतं की आमच्या लाइनीतलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल.

या पद्धतीत एक गंमत होती. वर्षातले एक-दोन महिने असे निघत की त्यात पगाराचे शुक्रवार तीन पडत. पहिला पगार वाण्याचा, दुसरा घरभाड्याचा आणि दूधवाल्याचा. तिसऱ्यावर मात्र कुणाचाच हक्क नाही, असा आमच्या लाइनीतला कायदा होता. तिसऱ्या पगारात कुणी रेडिओ आणी, कुणी सासूला तिच्या गावी पाठवून देई (हा खर्च सगळ्यात समाधानाचा!). आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये शेवटच्या तारखेला, एकतीसला, असा तिसरा पगार येत होता. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती मी लाल पेन्सिलीनं गोल काढून ठेवला होता.

तो गोल कुसुमसाठी होता. कुसुम माझी बायको. लग्नाआधी औरंगाबादला इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेली, तीसुद्धा वरच्या नंबरात. मी मात्र तिला चिंचवडला आणून दोन खोल्यांत भाकऱ्या थापायला बसवली होती. पिंपरीत पाटणकर म्हणून एक म्हातारे टायपिस्ट होते. त्यांच्याकडे ती दुपारी बदली काम करायची. ते आता मुलाकडे नागपूरला निघाले होते आणि मशीन विकणार होते. कुसुमला म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे. मशीन घेऊन जा, काम सुरू करा. पैसे एकतीस तारखेला द्या. पण एकतीस म्हणजे एकतीस. पहिल्या तारखेला माझी गाडी आहे, आणि एक दुकानदार रोख घेऊन मागे लागलाय."

मशीन घरी आलं आणि आमचं घर बदललं. भोसरीचे वर्कशॉपवाले कोटेशनं टाइप करायला येऊ लागले. जयंतीच्या कार्यक्रमाची पत्रकं कुसुमनं फुकट करून दिली. मी दमून घरी यावं तर बायको कामात, आणि मला चहा शेजारी! सुरुवातीला मला जरा टोचलं, खोटं कशाला बोलू. पण तिचा चेहरा बघितला की तक्रार घशातच राहायची. इतकी वर्षं तो चेहरा कुठं ठेवला होता कोण जाणे.

"अहो, एकतीसचं नक्की ना?" ती दर दोन दिवसांनी विचारायची.

"कुसुम, तिसरा पगार आहे तो. त्याच्यावर कुणाचा डोळा नसतो."

डोळा होता. सरकारचा.

इन्कम टॅक्सची तेव्हा एक रेघ असायची. वर्षाची कमाई रेघेच्या आत राहिली तर टॅक्स शून्य. पण जरा बाहेर पाऊल पडलं, की टॅक्स नुसता बाहेरच्या रुपयांवर बसत नसे, रेघेच्या अलीकडच्याही काही रुपयांवर बसायचा. म्हणजे रेघ थोडीशीच ओलांडणाऱ्याची वरची सगळी कमाई साफ! हे ज्ञान मी एका मासिकात वाचलं होतं, आणि वाचलेलं ज्ञान स्वतःजवळ ठेवण्याची सवय मला कधीच नव्हती.

जानेवारीपासून मी डिपार्टमेंटमध्ये प्रवचनं सुरू केली. "भावांनो, ओव्हरटाइम बंद करा. एका पगाराला सव्वीसनं गुणा. आपण रेघेच्या अगदी काठावर आहोत. आणखी ओव्हरटाइम केला की टॅक्समध्ये गेलात! घाम आपला आणि पैसा दिल्लीला?"

हे वाक्य फार गाजलं. पंधरावीस जणांनी ओव्हरटाइम सोडला. मी तर सोडलाच. फोरमन हात जोडून मागे लागला, तरी मी तीनच्या भोंग्याला सायकलवर. एकट्या ज्ञानोबानं ऐकलं नाही. ज्ञानोबा कुरुळीचा, माझ्या शेजारच्या लेथवर. तो म्हणाला, "राव, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. काम हाय, पैका मिळतूय, तर आमी करनार. कापला टॅक्स तर कापला."

"ज्ञानोबा, पस्तावशील."

"व्हय व्हय," म्हणून तो ओव्हरटाइमचा चहा प्यायला गेला.

आता माझी अक्कल बघा. एकतीस मार्चच्या पगाराला मी स्वतः लाल गोल केला होता. पण टॅक्सचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, गेल्या एक एप्रिललाही शुक्रवारच होता, पगाराचाच. (तारीख बघूनच सावध व्हायला हवं होतं!) बावन्न आठवड्यांवर वर्षाचा जो एक दिवस उरतो, त्यानं आमचा घात केला. पहिल्या दिवशी पगार, शेवटच्या दिवशीही पगार, म्हणजे मधले धरून झाले सत्तावीस. ज्या पगारातून मी मशीन घेणार होतो, तोच हिशेबात धरायला मी विसरलो होतो! वर्षभर मी रेघेला चिकटून, श्वास रोखून उभा, आणि शेवटच्या दिवशी कंपनीनं मागून हलकेच ढकललं.

एकतीस मार्चला सकाळी पगाराच्या स्लिपा वाटल्या. माझ्या स्लिपेवर टॅक्सच्या जागी आजवर फक्त आडवी रेघ असायची. तिथं आकडा होता. आणि पगाराच्या जागी जे उरलं होतं, त्याला आकडा म्हणायला जीव होईना. वरची सगळी कमाई टॅक्सनं खाल्ली होती, आणि जे खरकटं राहिलं ते पतपेढीच्या हप्त्यानं पुसून घेतलं होतं.

मी पगाराच्या खिडकीशी धावलो. आत सबनीस, आमचे पगाराचे क्लार्क.

"सबनीस, हे काय?"

"टॅक्स. वर्षभर कापला नव्हता, आता एकदम कापला."

"वर्षभर का नाही कापला?"

"सव्वीस पगारांत तुम्ही आत होता. माझ्या तक्त्यात रकानेच सव्वीस! सत्ताविसाव्यासाठी मी समासात लिहिलंय, बघा."

"मग गेल्या एक एप्रिलचा पगार मागच्या वर्षात घाला. काम तर मार्चमध्ये केलं होतं आम्ही!"

"पाकीट कधी मिळालं?"

"एक एप्रिलला."

"मग झालं तर."

"बरं, मग हा पगार उद्या द्या! उद्या एप्रिल!"

सबनीसांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाघमारे, पंचवीस वर्षं पगार वाटतोय. 'आज द्या' म्हणणारे पुष्कळ पाहिले."

इथं माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला. पाकीट हातात पडलंच नाही, तर पगार मिळाला कसा म्हणता येईल? आजचा दिवस पाकीट टाळायचं, बस! मी मागे वळलो. माझं ऐकून ओव्हरटाइम सोडलेले सगळे स्लिपा हातात घेऊन माझ्याकडेच बघत होते. ती नजर मी आजही विसरलो नाही. आपल्याला वाचायचं असेल तर यांना आधी वाचवावं लागेल, हे मला उमगलं.

"कुणीही पाकीट घेऊ नका!" मी ओरडलो. "खाली बसा! उद्यापर्यंत बसायचं!"

आणि ते बसले. मला त्याचंच नवल वाटतं. इतकं होऊनही बसले!

सायरन होऊन जेवणाची सुट्टी संपली, तरी आम्ही खिडकीसमोर फरशीवर. बातमी वर गेली की कामगारांनी बैठा संप केला. पर्सोनेल ऑफिसर धावत आले. साहेब नवेच होते, मुंबईहून आलेले, आणि संपाचं नाव ऐकून घामानं निथळत होते.

"बोला, काय मागण्या आहेत तुमच्या? शांतपणे बोलू आपण."

"साहेब, एकच मागणी. आज पगार देऊ नका."

साहेबांनी रुमाल काढला. "म्हणजे... वाढवून हवा?"

"नको."

"मग?"

"उद्या हवा. हाच. एवढाच."

साहेबांनी सबनीसांकडं पाहिलं. सबनीसांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, यांनी घेतला काय आणि न घेतला काय. आजच्या तारखेला देय झाला, टॅक्स कापून झाला. पाकिटं काय, तिजोरीत राहतील."

हे त्यांनी आधीच सांगितलं असतं तर! पण आधी त्यांना विचारलं होतं कोणी? आम्ही उठलो. पँटी झटकल्या. एकेकानं पाकीट घेतलं. आणि साहेबांनी, आता धोका नाही असं दिसल्यावर आवाज चढवून, जाहीर केलं की बसलेल्या वेळेचा पगार पुढच्या पाकिटातून कापला जाईल, आणि उद्या सकाळपर्यंत प्रत्येकानं इंग्रजीत टाइप केलेलं माफीपत्र आणून द्यावं. नाहीतर गेटच्या आत यायचं नाही.

बाहेर सायकलस्टँडवर ज्ञानोबा पाकिटातल्या नोटा मोजत होता. ओव्हरटाइममुळं सबनीसांच्या वर्षाच्या हिशेबात तो रेघ जानेवारीतच ओलांडून गेला होता. त्याचा टॅक्स तेव्हापासून थोडा थोडा कापला जात होता. वर नोटा शिल्लक! मला पाहून त्यानं नोटा खिशात घातल्या. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"वाघमारेभाऊ," तो म्हणाला, "वयनींच्या मशिनीचं काय आता?"

टॅक्स, रेघ, संप या सगळ्या धुमाळीत ते नाव पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं होतं.

घरी पाटणकर येऊन बसले होते. कुसुमनं त्यांना पोहे केले होते, वर खोबरं घातलं होतं. मी पाकीट तिच्या हातात दिलं. ते खुळखुळलं.

"हे काय?" ती म्हणाली.

मी रेघेपासून सुरुवात केली. ती ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "म्हणजे हे तीन महिने तुम्ही ओव्हरटाइम केला असता, तर?"

"तर... मशीन आपलं झालं असतं."

"आणि तुम्ही तीन वाजताच घरी येऊन काय करायलात म्हणून मी विचारलं, तर काय म्हणालात? 'टॅक्स वाचवतोय.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटणकर खाली मान घालून पोहे चिवडत होते. भला माणूस, पण त्यांनाही नागपूरला रिकाम्या हातानं जाणं परवडणारं नव्हतं. "बाई, मी थांबलो असतो हो," म्हणाले, "पण त्या दुकानदाराचा माणूस साडेसहाला येतोय." ते थांबले नसते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात दारात आमची संपकरी मंडळी हजर! माफीपत्रं हवी होती आणि लाइनीत टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं. पैसे अर्थातच पुढच्या पगाराला. कुसुम उठली. पाटणकरांना म्हणाली, "माणूस येईपर्यंत वापरू?" त्यांनी मान हलवली.

तिनं मजकूर स्वतःच मनानं तयार केला आणि एकामागून एक कागद चढवू लागली. मजकूर एकच, नाव तेवढं बदलायचं. ती किती भरभर टाइप करते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. शेवटचा कागद निघतोय तोच दुकानदाराचा माणूस आला. कुसुमनं मशीनवर स्वतःच्या हातानं झाकण बसवलं, कडा पदरानं पुसल्या आणि त्याला सांगितलं, "हळू न्या. मार्जिनची कळ जरा अडकते." सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधून तो मशीन घेऊन गेला. तसं मशीन आमच्या घरात पुन्हा आलं नाही. पुढं सोय झाली तेव्हा कुसुम म्हणाली, "आता बोटं राहिली नाहीत."

त्या संध्याकाळी तिनं शेवटचा कागद माझ्यापुढं ठेवला. मी वाचला. इंग्रजीत होता, पण अर्थ स्वच्छ होता : 'मी, श्री. वाघमारे, हे कळवतो की श्री. वाघमारे यांच्या चुकीच्या सल्ल्याला भुलून मी खाली बसलो. त्यांचा सल्ला मी पुन्हा कधीही ऐकणार नाही.'

"कुसुम, हे... सगळ्यांचाच मजकूर माझ्यातही आलाय चुकून."

"चुकून कशाला?" ती म्हणाली. "नीट वाचा, आणि सही करा."

मी सही केली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माफीपत्रांचा गठ्ठा चाळला, माझं वाचलं आणि मान वर केली.

"हे वाघमारे कोण?"

"मीच, साहेब."

त्यांनी कागद गठ्ठ्यावर ठेवला. मग खालच्या आवाजात, मनापासून म्हणाले, "त्या माणसापासून लांब राहा."

तेव्हापासून प्रयत्न करतोय. पण राहायला एकाच घरात, त्यामुळं जमत नाही.