तिजोऱ्या फोडणारा

घण्याला खरं नाव विचारलं, तर त्याला क्षणभर आठवावं लागे. तापल्या लोखंडावर घण मारता मारताच तो मोठा झाला होता. मान बैलासारखी, तळहात वहाणेच्या तळासारखे. पण त्याचं पोट चालायचं ते वेगळ्याच कामावर. तो तिजोऱ्या फोडायचा. चोर म्हणून नव्हे, पगारी.

त्या रस्त्यावर तिजोऱ्या बनवणारी दहाबारा वर्कशॉपं होती, एकमेकांच्या उरावर बसलेली. बाजाराच्या दिवशी जो तो चौकात आपला माल मांडायचा आणि शेजाऱ्याचा माल चारचौघांत फोडायला माणूस उभा करायचा. ज्याची पेटी फुटली, त्याचं गिऱ्हाईक तिथल्या तिथे दुसऱ्याकडे वळायचं. घण्या त्यातल्याच एका वर्कशॉपच्या मालकाचा, शेठचा माणूस होता. समोरच्या वर्कशॉपची मालकीण होती पोलादबाई. नवरा गेल्यावर धंदा तिनं स्वतः हातात घेतला होता. तिचे हात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी कोपरापर्यंत भाजलेले, आणि जिभेला लगाम नाही.

एका बाजाराला घण्यानं तिच्या पेटीच्या दोन्ही बिजागऱ्या उडवल्या. दार खाली आदळलं आणि लोक हसले. तेवढ्यात बाईच्या एका कामगारानं मागून येऊन त्याच्या तोंडावर सळई हाणली. दोन दात फरशीवर पडले. घण्यानं ते बघितले, मग त्या माणसाचं मनगट धरलं आणि कट्‌ आवाज येईपर्यंत पिळलं. मग काय, सगळा चौकच एकमेकांच्या अंगावर पडला. कुणाचं डोकं फुटलं, कुणाची बरगडी मोडली. पोलीस आले, दोघाचौघांना घेऊन गेले, आणि रक्त धुतल्यावर त्याच ओल्या फरशीवर विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढच्या बाजाराला बाईच्या पेटीला बाहेर बिजागरीच नव्हती. तिनं ती आत नेली होती. घण्या मारत राहिला, तळवे सोलून घणाचा दांडा लाल झाला, तरी दार हलेना.

"मार की," बाई हाताची घडी घालून म्हणाली. "दमलास तर पाणी पी."

शेठनं सगळ्यांदेखत घण्याच्या कानाखाली वाजवली. मग तिसऱ्याच माणसाकरवी तीच पेटी विकत आणली, वर्कशॉपचं दार लावलं आणि तिची चिरफाड केली. बाहेर आला तो नवीनच अडसर घेऊन. दारावर घाव बसला की हा अडसर आतून आपोआप खाली पडायचा आणि दार आणखीच घट्ट बसायचं. त्यावर बाईनं दोन पत्र्यांमध्ये खडी आणि सिमेंट भरलं. त्या मारामाऱ्यांत माणसं लुळी झाली, पण पेट्या मात्र शहाण्या होत गेल्या. घण्याला त्याचा अभिमान होता. बायकोला तो सांगायचा, "मी फोडतो म्हणून त्यांना सुचतं."

बायको त्याच्या हिरड्यांना औषध लावत म्हणायची, "आणि मी जखमा शिवते म्हणून तुम्हाला जमतं."

पुढे शेठचं नशीब फळफळलं. त्यानं मोठी भट्टी घातली. तिच्यातून निघणारा पत्रा असा कडक, की करवतीचे दात बोथट व्हावेत. हे छोट्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि त्या पत्र्याला तोड नव्हती हेही खरंच. मग त्यानं एकेक वर्कशॉप विकत घ्यायला सुरुवात केली. जो विकायला तयार नव्हता, त्याच्या दारात काठ्या घेतलेली माणसं उभी राहू लागली.

पोलादबाई शेवटपर्यंत अडून बसली. त्या दिवशी काठीवाल्यांबरोबर घण्याही गेला. तिच्या मिस्त्रीच्या गुडघ्याची वाटी त्यानंच फोडली. लेथ मशीनवर घण घातला तोही त्यानंच. बाई दारात उभी होती. कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"फोड," ती म्हणाली. "पण आता बाजारात फोडायला कुणाची पेटी उरली रे, मेल्या?"

आठवड्याभरात तिनं सही केली.

मग कंपनी झाली. काचेची इमारत, गणवेश, फाटकावर कुत्री. चौकातला बाजार बंद पडला, कारण मांडायला दुसरा होताच कोण? घण्याला गोदामात माल चढवायला ठेवलं. वर्षं गेली. पेटीचा रंग बदलला, मूठ बदलली, वर चकचकीत पट्टी आली. आत सगळं तेच. घण्याचे हात शिवशिवायचे. एकदा तो वरच्या मजल्यावर इंजिनिअर मॅडमकडे गेला.

"मॅडम, नवीन पेटी एकदा फोडून बघू का? मागची बाजू मला कच्ची वाटते."

तिनं पेन खाली ठेवलं. "कच्चीच आहे, दादा. आता हातात धरायचं कटर मिळतं, त्याच्यापुढे तो पत्रा टिकत नाही. मी उपाय काढलाय. तीनदा वर पाठवला."

"मग?"

"म्हणतात, जुनी खपतेय ना? गिऱ्हाईक जाणार कुठे?"

घण्याचा मेहुणा सराफाच्या दुकानात पहारेकरी होता. सडसडीत, हसरा. बहिणीकडे आला की आधी स्वयंपाकघरात शिरून भांड्यावरची झाकणं उघडून बघणारा. भर दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना चौघं मागच्या दारानं आत आले. मेहुण्यानं त्यांना अडवलं. त्यांनी पहारीनं आधी त्याचा खांदा मोडला. तो पडला तरी एकाचा पाय सोडीना, म्हणून मग डोक्यात घातली. तिजोरीला त्यांनी समोरून हातही लावला नाही. मागचा पत्रा कापला आणि मालक हात धुऊन येईपर्यंत ते पसार झाले.

मेहुणा काही दिवस दवाखान्यात होता. डोळे उघडे, पण बहिणीला ओळखत नव्हता. मग गेला.

बायको रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पेटी तुमच्या कंपनीची होती."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दर्शनी दालनात व्यापारी आले होते. शेठ स्वतः हजर होता, म्हातारा, हातात काठी. घण्या घण घेऊन आत शिरला. आडवा आलेल्या पहिल्या रखवालदाराला त्यानं खांद्यानं काचेवर फेकलं. सगळ्यात महाग पेटी पाडून त्यानं पालथी केली आणि मागच्या सांध्यावर घाव घालायला लागला. काच उडत होती, व्यापारी भिंतीला चिकटले होते. सांधा उसवला. त्यानं पहार घालून पत्रा सोलला आणि त्या भगदाडात हात घातला. पत्र्याच्या धारेनं हात कोपरापर्यंत चिरला.

"बघा," तो व्यापाऱ्यांना म्हणाला. "इथून माझा मेहुणा गेला."

मग रखवालदार तुटून पडले. उजवा हात त्यांनी पायरीवर ठेवून मोडला. शेठ जवळ आला, वाकला. डोळ्यांत क्षणभर जुनी चमक आली. "सांध्यावर मारलंस होय," तो पुटपुटला. पण वकील दंडाला धरून घेऊन गेला, तशी ती चमक विझली.

घण्या तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा तुरुंगाच्या दारात इंजिनिअर मॅडम उभी होती. तिनं नोकरी सोडली होती. गावाबाहेर एक शेड घेतली होती, आणि भागीदार होती पोलादबाई.

शेडमध्ये पाऊल टाकताच बाईनं हातातला सांडशीचा दांडा त्याच्या पाठीत घातला. तो मुकाट उभा राहिला. तिनं आणखी एक घातला.

"हा मिस्त्रीच्या गुडघ्याचा," ती म्हणाली. "त्याच्या वाटचे बाकीचे तो स्वतः देईल. आता ही पेटी फोडून दाखव."

मोडलेल्या हातानं घण उचलवत नव्हता. डाव्यानं उचलला. पहिली पेटी फुटली, दुसरी फुटली. बाई शिव्या घालायची, मॅडम पत्रा उलटसुलट करून बघायची, आणि दोघी पुन्हा भट्टीशी जायच्या. शेडची कुणकुण लागताच कंपनीनं दोन गोष्टी केल्या. एक, शेड विकत घ्यायला माणूस पाठवला. बाईनं तापलेली सळई दाखवल्यावर तो आपली गाडी विसरून पळाला. दुसरी, इतकी वर्षं कपाटात पडलेलं मॅडमच्या त्या उपायाचं चित्र बाहेर काढून रातोरात कामाला घेतलं.

"घेऊ देत," मॅडम म्हणाली. "आपण पुढचं करू."

तिसऱ्या पेटीच्या वेळी घण्याची बायको डबा द्यायला आली होती. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग डबा खाली ठेवून तिनं त्याच्या हातातून घण घेतला. "अहो, सरका."

तिनं मारायला सुरुवात केली. नेम नव्हता, पदर सुटला, घण दोनदा जमिनीवर आदळला. ती भावाला घरातल्या नावानं हाका मारत होती आणि मारत होती. कुणी अडवलं नाही. पेटी उघडली नाही. शेवटी ती तिथंच बसली, पेटीच्याच पाठीला टेकून, आणि इतक्या दिवसांनी तिला रडू फुटलं. घण्या शेजारी बसला.

पोलादबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मॅडम मात्र पेटीच्या खालच्या कोपऱ्याशी वाकली होती. तिथं बोटभर पोचा पडला होता.

"इथं कुणीच कधी मारलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "ताई, रडून झालं की सांगाल, घण कसा धरला होतात?"