दूधकट्ट्यावरची मूठ

संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून घ्यावी आणि फेसासकट ग्लास तोंडाला लावावा, एवढंच माझं सुख. त्यात एक म्हातारे गृहस्थ रोज माझ्या उजव्या हाताला येऊन बसायचे.

गवळी म्हणायचा, "लढाईत विमान चालवलंय त्यांनी. नेव्हीचं. पदक हाय!"

मला पटेना. आमच्या कोल्हापुरात पोट सुटलेला प्रत्येक जण एकेकाळचा पैलवानच असतो. पदक तर कुणीच बघितलेलं नव्हतं.

शिवाय त्यांची एक खोड. कट्ट्यावर टेकता टेकता ते डावी मूठ जोरात पुढं रेटायचे. धक्का लागून माझं दूध सांडायचं. मला वाटायचं, लोकांनी विचारावं म्हणून केलेलं सोंग आहे.

एकदा शर्टच भिजला. मी खवचटपणे विचारलं, "आजोबा, एवढ्याशा जहाजावर विमान उतरवताना ब्रेक करकचून दाबत असाल?"

"ब्रेक न्हाय लेका. टेकताना डाव्या हातातली इंजिनाची मूठ पुढं रेटून सगळा जोर लावायचा. जहाजावर आडवा दोर असतोय. विमानाचा आकडा त्यात अडकला तर थांबतंय. न्हाय अडकला, तर परत उडायला जोर नको?"

"आणि जोर लावलाच नाही तर?"

त्यांनी मिशीवरचा फेस पुसला. "माझ्या मागनं उतरणाऱ्या दोस्ताला वाटलं, आकडा अडकला. त्यानं मूठ मागं घेतली."

पदकाची शंका मी पुन्हा घेतली नाही. हल्ली ते येताना दिसले, की मी ग्लास डाव्या हातात घेतो.