माझी मोंबासाची जाऊ

थोरल्या दिरांनी पुण्यात शिकताना लग्न केलंय आणि मुलगी आफ्रिकेतली आहे, हे घरात कळलं तेव्हा मी सात महिन्यांची नवी सून होते. सासऱ्यांचं उमरग्यात हायवेला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, माझा नवरा बाहेरगावी नोकरीला, दुकान बघायला कुणी उरलं नाही, म्हणून दीर पुण्याची नोकरी सोडून परत आले. सोबत बायको आली. केनियातल्या मोंबासा नावाच्या बंदराच्या गावची. उंच, सावळ्याहून सावळी, डोक्यावर नीट बांधलेला पिवळा रुमाल. वाकून सलाम करताना तिच्या पर्समधून सर्टिफिकेटांची फाईल बाहेर डोकावत होती, हे माझ्या अजून लक्षात आहे, कारण माझीही तशीच एक फाईल कपाटात पडून होती.

सासूबाईंना वाटत होतं, हिच्याशी बोलायचं कसं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की तिच्या भाषेत दुनियेला दुनियाच म्हणतात, पुस्तकाला किताबू, आणि चपातीला चपाती. ती चपाती लाटायचीही आमच्यासारखीच, पदर सुटतील अशी, फक्त तेल जरा जास्त. सासूबाई शेजारच्या बायकांना सांगायच्या, "अपनेच लोगां हैं." शेजारणी मान डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर एकमेकींकडे बघायच्या. मी तिला भाभी म्हणायला लागले. ती घरातली दखनी शिकली, मग बाजारातली मराठी. वर्षभरात भाजीवाल्याशी भाव करताना "लई सांगतोस की रं" म्हणण्याइतकी.

मी लातूरला लॅबचा डिप्लोमा केला होता, जेमतेम पास होऊन. तिनं पुण्यात त्याच विषयाची पदवी घेतली होती, पहिल्या वर्गात. बस स्टँडजवळच्या एका दवाखान्यात लॅबसाठी माणूस पाहिजे होतं. आधी मी गेले. डॉक्टरांनी माझी फाईल उघडलीही नाही.

"माहेर कुठलं?"

"परंडा."

"परंड्यात कुठं?"

"किल्ल्याच्या अलीकडं. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे."

ते हसले. त्यांच्या वडिलांचं घड्याळ तिथं दुरुस्त झालं होतं म्हणे. सोमवारपासून या म्हणाले.

चार दिवसांनी मी भाभीला घेऊन गेले. तिची फाईल मात्र त्यांनी पानन् पान वाचली. मग पासपोर्ट मागितला. तोही वाचला, उलटा-सुलटा करून. "बाई हुशार आहेत," ते माझ्याकडं बघून म्हणाले, जणू ती तिथं नव्हतीच. "पण व्हिशावर काम करायची परवानगी नाही. मला त्रास होईल." ती शांतपणे मराठीत म्हणाली, "परवानगी आली की या म्हणाल का?" डॉक्टर चमकले. मराठी ऐकून बहुतेक. म्हणाले, "मग बघू."

महिनाभरात तापाची साथ आली आणि मला एकटीला काम उरकेना. तेव्हा डॉक्टरांनीच निरोप धाडला. ठरलं ते असं: भाभीनं पडद्यामागं मायक्रोस्कोपवर बसायचं. रजिस्टरवर नाव नाही, रिपोर्टवर सही नाही. सही माझी. पगार माझ्या निम्मा, पाकिटातून. ती हो म्हणाली. दीर म्हणाले, "कागद होईपर्यंतच." आम्ही सगळेच तसं समजत होतो.

पडद्यामागं बसायचं कारण फक्त व्हिसा नव्हता. पहिले दोन दिवस ती रक्त काढायला बाहेर आली होती. एका म्हातारीनं हात मागं ओढून घेतला आणि मला म्हणाली, "ही नको बाई, तू काढ." भाभीचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका होता. लहान मुलाची शीर तिला पहिल्यांदाच सापडायची. मी म्हातारीचं रक्त काढलं. दोनदा टोचावं लागलं. म्हातारीनं हात मागं घेतला नाही.

आम्ही एकत्र दोन वर्षं काम केलं. ती दोन वर्षं बरी होती असंच मला वाटतं. तिला काय वाटायचं, मी कधी विचारलं नाही. दुपारी डबा खाताना ती आईबद्दल सांगायची, समुद्राबद्दल सांगायची. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेव्हा समुद्राच्या गोष्टी ऐकून मला हसू यायचं.

एका पावसाळ्यात ओडिशाहून आलेला एक ट्रक ड्रायव्हर ताप घेऊन दवाखान्यात पडला. हायवेवर गाडी उभी करून तो स्टिअरिंगवरच कोसळला होता. क्लीनरनं रिक्षात घालून आणला. प्लेटलेट कमी होत्या, डॉक्टरांना डेंग्यू वाटला. मलेरियाची स्लाइड मी बघितली. काही दिसलं नाही, 'नाही' लिहून मोकळी झाले. त्या दिवशी भाभी उशिरा आली होती, आपल्या लेकीला लस द्यायची होती म्हणून. लेक तेव्हा दीड वर्षाची. आल्यावर तिनं त्या माणसाकडं दारातून बघितलं आणि विचारलं, "याची स्लाइड कुठंय?"

"बघितली मी. काही नाही."

"परत बघू?"

मला राग आला. तरी दिली. ती पाऊण तास उठली नाही. मग मला बोलावून डोळा लावायला सांगितला. तांबड्या पेशींच्या आत बारीक अंगठ्या होत्या. एकदा दिसल्यावर मला त्या सगळीकडं दिसायला लागल्या. "हा वाईट मलेरिया," ती म्हणाली. "डोक्यात जातो. आमच्या गल्लीत एक मुलगी गेली होती माझ्या वयाची. लवकर सांग त्यांना."

मी धावत जाऊन सांगितलं. औषध बदललं. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर उठून बसला. त्याचा मालक हैदराबादहून आला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. डॉक्टरांनी मला पुढं बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या या बाईंनी पकडलं." मी पडद्याकडं बघितलं. पडद्याखाली तिची चप्पल दिसत होती. मी म्हणू शकले असते. डॉक्टरांना अडचण झाली असती एवढंच. मी पेढ्याचा बॉक्स घेतला. पुढच्या महिन्यात माझा पगार वाढला आणि लॅबची जबाबदारी माझ्याकडं आली.

घरी येताना मी तिला म्हणाले, "भाभी, मला बोलता आलं नाही."

ती म्हणाली, "तो जगला ना."

एवढंच. पण त्यानंतर ती घरीच जेवून यायला लागली.

कागदांचं मात्र काही होईना. दरवर्षी व्हिसा वाढवायला दीर आणि ती सकाळच्या एसटीनं धाराशिवला जायचे आणि संध्याकाळी तोंडं पाडून परत यायचे. लग्न झालेल्या परदेशी बाईला कायमचं कार्ड मिळतं, ते मिळालं की काम करता येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण निकाहनाम्यात तिच्या वडिलांचं नाव एक अक्षर सोडून लिहिलेलं. ते अक्षर दुरुस्त करायला आधी केनियातून कागद, मग दिल्लीचा शिक्का, मग पुण्याच्या काझींचं पत्र. काझी वारले होते. अर्ज परत आला, पुन्हा भरला, पुन्हा परत आला. पहिल्या-पहिल्यांदा दीर रागवायचे. नंतर रागवायचेही थांबले.

दरवर्षी पोलीस चौकशीला यायचे, ते घरी. आमच्या एकत्र कामाच्या दुसऱ्या वर्षी हवालदार सरळ लॅबमध्ये आला. कुणी सांगितलं असेल, कळलं नाही. मध्यमवयीन, सभ्य माणूस. माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. पडदा माझ्या पाठीशी.

"तुमच्या जाऊबाई इथं काम करतात व्हय?"

"न्हाय," मी म्हणाले. "डबा घेऊन येतात माझा."

"रोज?"

"रोज."

पडद्यामागं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. हवालदारानं ऐकला. त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "ताई, मी लिहितो तसं. पण उद्यापासून डबा तुम्हीच आणत जा."

त्यानं उपकारच केले म्हणायचं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तिला यायला मनाई केली. पाकीट दिलं, तेही माझ्या हातून. माझ्याच बोलण्यानं ती पोलिसांपासून वाचली, असं सासूबाई अजून म्हणतात. ते खरंही आहे. पण स्वतःबद्दल "डबा आणणारी" हा शब्द तिनं ऐकला होता, तोही माझ्या तोंडून.

मग तिनं घरात इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या. नऊ मुलं आली. तिच्यासारखं इंग्रजी आमच्या गावात कुणाचंच नव्हतं. दोन महिन्यांत चार उरली. एका आईनं मला बाजारात सांगितलं, "शिकवतात चांगलं, पण पोरगं घाबरतंय." तो पोरगा तिच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकायचा, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी त्या बाईशी वाद घातला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शिकवण्या बंदच झाल्या.

दीर दुकान विकून हैदराबादला एका कंपनीत लागले. आधी पंधरा दिवसांनी यायचे, आता महिन्यानं. भाभी जायला तयार होती. पण सासरे अंथरुणावर, सासूबाई थकलेल्या, आणि मी नोकरीला. घरात कुणीतरी पाहिजे होतं. ते कुणीतरी कोण, हे कुणी बसून ठरवलं नाही. नोकरी नाही ती घरी राहणार, हे आपोआपच झालं. सासऱ्यांचं सगळं तिनं सहा वर्षं केलं, अगदी शेवटापर्यंत. तिचे स्वतःचे वडील वारले तेव्हा व्हिसाचा अर्ज अडकलेला होता. गेली असती तर परत येता आलं नसतं. तिनं फोनवर मयत बघितली. मी शेजारी बसले होते. ती रडली नाही. फोनमधली माणसं मात्र मोठ्यानं रडत होती.

कार्ड आलं ते लेक सातवीत असताना. पोस्टमननं दिलं, तिनं सही केली. मी मिठाई आणायला निघाले तर म्हणाली, राहू दे.

दुसऱ्या आठवड्यात ती फाईल घेऊन निघाली. उमरग्यातल्या चार लॅबमध्ये गेली, सोलापूरला जाऊन आली. सगळीकडं एकच: पदवी जुनी झाली, मधल्या वर्षांत काय केलंत? अनुभवाचं पत्र आणा. मी डॉक्टरांकडं गेले. आता लॅब सगळी मीच चालवते. हाताखाली दोन मुली आहेत. मला वाटलं, माझा शब्द खाली पडणार नाही.

"कसलं पत्र देऊ?" डॉक्टर म्हणाले. "त्या इथं कधी होत्या?"

"दोन वर्षं होत्या. तुम्हाला माहितीय."

"मला माहितीय. पण लिहून दिलं तर मीच अडकतो. तुम्हीही. सह्या तुमच्या आहेत." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला माणूस पाहिजे. येतील का?"

हे मी घरी सांगावं का, यावर दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दोन मुली किती शिकल्यात?"

"डिप्लोमा. माझ्यासारखाच."

"मग त्या सांगतील आणि मी चिकटवीन."

तरी ती महिनाभर आली. मुली तिला "ए काकी" म्हणून हाका मारायच्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगून त्या तिच्याशी कशा वागल्या असत्या, याचा मला भरवसा नव्हता. एके दिवशी ती आली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. फाईल तिनं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकली.

मला वाटायचं, लेकीचं तरी वेगळं होईल. ती इथंच जन्मली, सरकारी दवाखान्यात, माझ्या मांडीवर वाढली. तिच्यासारखी मराठी माझ्या मुलालाही येत नाही. वर्गात नव्या बाईंनी सगळ्यांना गाव विचारलं. तिनं सांगितलं, "उमरगा." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "तसं नाही गं, मूळचं." ती घरी आली ती आरशासमोर उभी राहून केस तेलानं चापून बसवायला लागली. आता रोज तेच करते, तासभर.

यंदा ती नववीत आहे. मागच्या शनिवारी शाळेत पालकांची बैठक होती. भाभीनं सकाळीच निळा ड्रेस काढून ठेवला होता. लेक माझ्या खोलीत आली आणि दार लोटून म्हणाली, "चाची, तुम्ही चला ना."

"अम्मी तयार होतेय की."

"तुम्हीच चला. तिला सांगा, पाहुणे येणार आहेत घरी."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचं तोंड बघून म्हणवलं नाही. बाहेर आले तर भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भिंत पातळ आहे आमची. ती म्हणाली, "जा तू. मला भाजी निवडायचीय."

शाळेत बाईंनी मला आई समजूनच सगळं सांगितलं. विज्ञानात पहिली आहे, हात उंच करून उत्तर देत नाही, विचारलं तरच बोलते. कागदावर पालकाची सही मागितली. लेक माझ्याकडं बघत होती. मी सही केली.

घरी आल्यावर भाभीनं ताट वाढलं. निळा ड्रेस परत घडी होऊन कपाटात गेला होता.

"काय म्हणाल्या?"

"विज्ञानात पहिली आहे."

"अजून?"

"अजून काही नाही," मी म्हणाले. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि लेकीला जेवायला हाक मारली. लेक आतून म्हणाली, भूक नाही.